पद्मा गजघाटे म्हणाल्या

मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगराच्या पश्चिमेला, जिथे घरं संपून नुसत्या प्लॉटच्या पाट्या सुरू होतात, तिथे लॅपविंग ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. लॅपविंग म्हणजे टिटवी. इथले बिल्डर जे उठवून लावतात त्याचंच नाव रस्त्याला देतात, त्यामुळे नकाशा वाचला की पूर्वी इथे काय काय होतं ते आपोआप कळतं. रस्त्याच्या एका अंगाला प्रायमरी शाळा आहे, दुसऱ्या अंगाला चारशे घरं आणि मधून खडी-विटांचे ट्रक. या ट्रकना दिवसातून दोनदा थांबवण्याचा अधिकार सहा वर्षं एकाच व्यक्तीकडे होता. तिची उंची पाच फूट एक इंच.

पद्मा गजघाटे या रस्त्यावर क्रॉसिंग सुपरवायझर होती. पोरं तिला लॉलीपॉप लेडी म्हणत, कारण हातातली 'स्टॉप'ची गोल पाटी तशी दिसते. सकाळी आठला ती दोन्ही खांबांना लाल झेंडे लावायची. पोरं कडेला जमली की रस्त्यात उतरून पाटी उभी करायची, दोन्हीकडच्या गाड्या थांबल्याची खात्री करायची आणि शिट्टी दोनदा वाजवायची. दुसऱ्या शिट्टीआधी फुटपाथवरून पाय खाली ठेवणाऱ्या पोराला ती परत वर चढायला लावायची. यात आईबापांनाही सूट नव्हती. एका वडिलांना तिने तीन वेळा परत पाठवलं होतं. तो मनुष्य सर्जन होता आणि घाईत होता. चौथ्या वेळी तो शिट्टीची वाट बघत उभा राहिला.

ती मूळची नागपूरची. दोन हजार आठ साली, तेविसाव्या वर्षी, कुकरीचा डिप्लोमा करायला मेलबर्नला आली. त्या काळी ऑस्ट्रेलियाला स्वयंपाक्यांची फार निकड होती, निदान व्हिसाच्या फॉर्मवर तरी. पद्माने बी.ए. राज्यशास्त्र केलेलं. इथे तिला अंड्याचा एक सॉस शिकवला गेला, जो तिने परीक्षेत एकदा केला आणि पुन्हा कधी केला नाही. मग हॉटेलातल्या खोल्या, वेअरहाउसची शिफ्ट, वृद्धाश्रमाचं किचन, असं करत करत पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाली. दरम्यान धर्मपालशी लग्न झालं. तो बस चालवतो. एकाचं काम गाड्या चालवण्याचं, दुसरीचं थांबवण्याचं. घरात शेवटचा शब्द कुणाचा हे यावरून ओळखावं. मुलगी पायल, अकरा वर्षांची, सहावीत. मराठी तिला सगळी समजते. उत्तर ती बहुतेक इंग्रजीत देते.

तर या क्रॉसिंगवर सुपरवायझरची गरज उरलेली नाही, असं मे महिन्याच्या शेवटी काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लक्षात आलं. सर्व्हे झाला होता. त्यात दिसलं की भर शाळेच्या वेळात रस्ता ओलांडणारी मुलं चार. चार मुलांसाठी एक माणूस म्हणजे जरा जास्तच. पुढच्या टर्मपासून नुसते पट्टे राहतील, आणि निर्णय जूनच्या मीटिंगमध्ये.

पद्माला हे काउन्सिलने कळवलं नाही. तिला ते 'वेस्टर्न प्लेन्स वीकली'त सापडलं. हा पेपर फुकट असतो, गुरुवारी ड्राइव्हवेवर येऊन पडतो आणि त्यात बत्तीस पानं घरांच्या जाहिराती आणि दीड पान बातम्या असतात. बातमीसाठी एका मुलीने फोन करून पद्माला किती मुलं येतात आणि कधी शिफ्ट चुकली का, एवढंच विचारलं होतं, त्यामुळे आपलं नाव छापून येणार हे तिला ठाऊक होतं. गुरुवारी संध्याकाळी तिने पेपर उलगडला आणि मोठ्याने वाचायला घेतला.

मोठ्याने वाचायची सवय नागपूरची. तिचे वडील मधुकर गजघाटे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वस्तीतल्या विहारात संध्याकाळी सहाला पेपर वाचून दाखवायची प्रथा सुरू केली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकायला येत, आणि ज्यांना येत होतं तेही येत, कारण पेपर एकच होता. वडिलांना चष्मा लागला तेव्हा वाचायचं काम दहा वर्षांच्या पद्माकडे आलं. नियम कडक होते. आधी पेपरचं नाव, मग तारीख, मग बातमी. कोण बोललं ते गाळायचं नाही. कसं बोललं तेही गाळायचं नाही.

एकदा वस्तीच्या नळाची बातमी आली. पद्माने वाचलं, "पाणीपुरवठा सुरळीत असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. नळाला आठ दिवसांपासून पाणी नसल्याचा दावा रहिवाशांनी केला."

"दावा म्हंजे का व?" मागून गोपिकाबाईंनी विचारलं. त्या वस्तीत सगळ्यांत वयस्क होत्या आणि त्यांचं घर नळाला लागून होतं.

पद्माने वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "म्हणजे आपण म्हणतो, बाई. पण खरं असंल का नसंल, ते पेपरवाल्याले माहीत नाही."

"अन् साहेब म्हणते ते माहीत आहे?"

"साहेबानं सांगितलं. दावा नाही केला."

"मंग त्याले म्हणा, सांगितलेलं पाणी इकडं आणून दे," गोपिकाबाई म्हणाल्या. "घागर मी आणतो."

विहार हसला. पद्माही हसली, पण तेव्हापासून तिचे कान क्रियापदाकडे लागले ते लागलेच.

आता लॅपविंग ड्राइव्हच्या बातमीकडे येऊ. पद्माने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभं राहून, पेपरचं नाव आणि तारीख म्हणून, पुढे वाचलं. काउन्सिल सेड, क्रॉसिंग चारच मुलं वापरतात. मिस गजघाटे क्लेम्ड, सत्तर वापरतात. काउन्सिल सेड, सर्व्हेच्या वेळी सुपरवायझर जागेवर नव्हती. मिस गजघाटे क्लेम्ड, सहा वर्षांत तिची एकही शिफ्ट चुकलेली नाही.

धर्मपाल डब्याची भांडी विसळत होता. त्याने नळ बंद केला. "परत वाच."

पद्माने परत वाचलं.

"म्हणजे तू खोटं बोलतेस, असं लिहिलंय?"

"तसं लिहिलं नाहीये," पद्मा म्हणाली. "तसं लिहिलं असतं तर भांडता आलं असतं."

इंग्रजी बातमीत 'सेड'सारखं सोज्वळ क्रियापद दुसरं नाही. ते बोलणाऱ्याचं बोलणं वाचकाच्या हातात ठेवतं आणि बाजूला होतं. 'क्लेम्ड' बाजूला होत नाही. ते वाक्याच्या कडेला उभं राहून भुवई वर करतं. याला पत्रकारितेत कारण आहे आणि ते वाईट नाही: जे तपासता आलं नाही ते आपल्या नावावर खपवू नये. पण तपासायला वेळ नसला की मग कोणाचं तपासलेलं धरायचं, हे खुर्ची बघून ठरतं. प्रीमियर अनाउन्स करतात, पोलीस कन्फर्म करतात, प्राध्यापक एक्स्प्लेन करतात, आणि ज्याच्या दारात घटना घडली तो क्लेम करतो. चार मुलं काउन्सिलने मोजली होती आणि सत्तर पद्माने. तपासलं कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पद्माने पेपरला फोन केला. बातमीवालीचं नाव टेगन. वय चोवीस, पश्चिमेकडचे पाच पेपर ती एकटी लिहायची, घरून. आवाजावरून बरी मुलगी वाटत होती.

"आय सेड सेव्हंटी," पद्मा म्हणाली. "मी क्लेम नाही केला. तू फोन केलास, मी सांगितलं."

"ओह, डोंट वरी अबाउट दॅट," टेगन म्हणाली. "क्लेम म्हणजे सेडच. सारखं सेड, सेड, सेड आलं की कंटाळवाणं वाटतं ना, म्हणून बदलायचं."

"चारदा आलंय. दोनदा सेड, दोनदा क्लेम्ड. दोन्ही क्लेम्ड माझे."

"जस्ट वर्क्ड आउट दॅट वे, मेट."

"मग पुढच्या वेळी त्यांचं बदल. काउन्सिल क्लेम्ड मी जागेवर नव्हते. मी सेड, मी होते."

टेगनच्या मागे कुठेतरी किटली शिट्टी देत होती.

"तसं नाही लिहिता येणार," टेगन शेवटी म्हणाली. "दे आर द काउन्सिल."

"नो वरीज," पद्मा म्हणाली. "एवढंच विचारायचं होतं."

टेगनवर तिचा राग नव्हता. पुढचे दहा दिवस तिला खरा त्रास झाला तो क्रॉसिंगवर. लोकांनी बातमी वाचली होती. ज्यांना ती सहा वर्षं रोज दोनदा दिसत होती त्यांनीही वाचली होती. एक आजोबा, नातवाला सोडायला येणारे, सहानुभूतीने म्हणाले, "एखादा दिवस दांडी होते हो, त्यात काय." पंजाबी ट्रकवाल्याने काच खाली करून विचारलं, "दीदी, उस दिन तबीयत ठीक नहीं थी क्या?" पद्मा सगळ्यांना एकच सांगत होती, की मी होते. आणि प्रत्येक वेळी आपण क्लेम करतोय असं तिला ऐकू येत होतं. काम गेलं तर दुसरं मिळालं असतं. वृद्धाश्रमवाले तिला अजून बोलवत होते. पण सत्तर पोरं या ट्रकांमधून नुसत्या पट्ट्यांच्या भरवशावर जाणार होती, आणि ती जाणार होती ते पद्मा गजघाटे जागेवर नव्हती म्हणून.

काउन्सिलला तिने सर्व्हेची तारीख विचारली. रिपोर्ट मीटिंगच्या कागदपत्रांबरोबर प्रसिद्ध होईल, असं तिला सांगण्यात आलं. मीटिंगच्या आधीच्या शुक्रवारी तो प्रसिद्ध झाला. कागदपत्रं दोनशे चौदा पानांची होती. लॅपविंग ड्राइव्ह एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर होता, कुत्र्यांच्या पार्कच्या कुंपणानंतर.

पद्मा लॅपटॉप टेबलावर ठेवून उभी राहिली. धर्मपाल पोळ्या लाटत होता. पायल समोर बसून गणिताच्या वहीत घोड्याचं चित्र काढत होती.

"बसून वाच ना," धर्मपाल म्हणाला. "घरात आहेस, विहारात नाही."

पद्माने ऐकलं नाही. तिने आधी काउन्सिलचं नाव वाचलं. मग तारीख. "पादचारी गणना. शुक्रवार, सोळा मे. सकाळी सव्वाआठ ते नऊ. मुलं: चार. झेंडे: लावलेले नाहीत. सुपरवायझर: अनुपस्थित. गाड्या—"

"मम," पायल म्हणाली, वर न बघता. "सिक्स्टीन्थ मे वॉज करिक्युलम डे."

पद्मा थांबली. करिक्युलम डे म्हणजे टर्ममधला तो दिवस, ज्या दिवशी शिक्षक शाळेत बसून अभ्यास करतात आणि पोरांना सुट्टी असते.

"नक्की?"

"येस! ओजसने फूटी किक केली आणि ती त्या क्लिपबोर्डवाल्या अंकलला लागली. ही वॉज सो ग्रम्पी." ओजस म्हणजे शेजारच्या देवयानीचा मुलगा, आणि फूटी म्हणजे इथल्या फुटबॉलचा लांबुळका चेंडू. "आम्ही पार्कात चाललो होतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, ओजस, अँड द ट्विन्स."

धर्मपालने बोटांवर मोजलं. मग लाटणं हातात तसंच धरून तो टेबलाशी आला आणि एकशे सत्त्याऐंशीवं पान स्वतः वाचलं. "चार," तो म्हणाला. "बाप्पा! आपली पोरगी सर्व्हेत आहे!"

पद्मा मात्र कपाटाकडे गेली होती. काउन्सिल सुपरवायझरना दर टर्मचा रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, छापून पाठवतं, आणि ती तो फाइलला लावायची. दुसऱ्या टर्मच्या कागदावर, सोळा मेच्या चौकोनात, लिहिलेलं होतं: शाळा बंद, ड्युटी नाही. खाली त्याच खात्याचा शिक्का होता ज्याने सर्व्हे केला होता. एका टेबलावरच्या माणसाने तिला घरी बसायला सांगितलं होतं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ती घरी बसल्याची नोंद केली होती.

"टेगनला फोन कर," धर्मपाल म्हणाला.

"नाही. फोनवर परत क्लेम होईल."

मंगळवारी संध्याकाळी सहाला मीटिंग होती. रहिवाशांना तीन मिनिटं मिळतात. समोर घड्याळ उलटं चालतं आणि शेवटी दिवा लाल होतो. पद्मा फ्लुओरेसंट जॅकेट घालून गेली होती, कारण दुपारच्या शिफ्टनंतर ती थेट आली होती. तिसऱ्या रांगेत धर्मपाल आणि चार मुलं बसली होती. ओजसला फूटी बाहेर ठेवायला लावलं होतं. टेगन भिंतीशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, आणि चेहऱ्यावरून ही तिची आजची तिसरी मीटिंग वाटत होती.

पद्माच्या हातात दोन कागद होते. तिने भाषण लिहिलं नव्हतं. ती उभी राहिली आणि विहारात उभी राहायची तशी, खांदे सरळ करून, वाचू लागली.

"पहिला कागद. काउन्सिलचा रिपोर्ट. सर्व्हेची तारीख, शुक्रवार, सोळा मे. काउन्सिल म्हणते, सुपरवायझर अनुपस्थित." तिने कागद खाली ठेवला. "दुसरा कागद. काउन्सिलचा रोस्टर. तारीख, शुक्रवार, सोळा मे. काउन्सिल म्हणते, शाळा बंद, ड्युटी नाही."

सभागृहात कोणीतरी खुर्ची सरकवली.

"दोन्ही कागद तुमचे आहेत. मी काहीच म्हणत नाहीये." तिने घड्याळाकडे बघितलं, दोन मिनिटं आणि काही सेकंद उरले होते. "त्या दिवशी चार मुलांनी रस्ता ओलांडला, असं तुम्ही म्हणता. ते बरोबर आहे. ती चार मुलं तिसऱ्या रांगेत बसली आहेत. ती शाळेत चालली नव्हती. ती खेळायला चालली होती."

पायलने हात वर केला. मग ओजसने, मग जुळ्यांनी, एकाच वेळी. एका काउन्सिलरला हसू आवरेना, आणि तिने ते खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला.

ट्रॅफिक खात्याचा अधिकारी ब्रेंडन नावाचा होता, मोठ्या अंगाचा, कोपर टेकवून बसलेला. त्याने पानं पुढे उलटली, मग मागे उलटली. मग सोबतच्या बाईंच्या कानात काहीतरी विचारलं. बाईंनी मान हलवली.

"इट वूड अपिअर," ब्रेंडन म्हणाला, आणि इथे थांबून पाणी प्यायला, "की सर्व्हेचा दिवस शाळेचा नव्हता."

"म्हणजे शाळा बंद होती?" अध्यक्षांनी विचारलं.

"इट वूड अपिअर सो."

"ब्रेंडन, होती की नव्हती?"

"होती."

पद्माच्या वेळेतलं दीड मिनिट अजून शिल्लक होतं. ते तिने वापरलं नाही. थँक यू म्हणून ती खाली बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की शिट्टी अजून गळ्यातच आहे. ठराव झाला: क्रॉसिंग आहे तसं राहील, फेरगणना शाळेच्या दिवशी होईल आणि सुपरवायझरबद्दलचा उल्लेख रिपोर्टमधून काढला जाईल. विरोधात एकही मत पडलं नाही. कुत्र्यांच्या पार्कच्या कुंपणावर मात्र पाऊण तास वाद झाला.

बाहेर पार्किंगमध्ये टेगन धावत आली. "पद्मा! एक मिनिट. तो रोस्टर मला फोटोसाठी देशील?"

पद्माने कागद दिला. टेगनने फोनवर फोटो काढला, तो नीट आलाय का बघितला आणि मग थोडं अवघडून म्हणाली, "आय शुड हॅव आस्क्ड फॉर द डेट."

"माझ्या वडिलांचा नियम आहे," पद्मा म्हणाली. "आधी तारीख."

गुरुवारी पेपर आला. या वेळी वाचायचं काम पायलला देण्यात आलं. तिने आधी नाव आणि तारीख म्हटली, कारण आई समोर उभी होती. मग वाचलं: काउन्सिलने अ‍ॅडमिट केलं की सर्व्हे शाळा बंद असताना झाला. काउन्सिलने याआधी क्लेम केलं होतं की सुपरवायझर जागेवर नव्हती. पुढच्या ओळीवर पायल थबकली आणि तिने आईकडे बघितलं.

"वाच."

"'आय हॅव नेव्हर मिस्ड अ शिफ्ट,' मिस गजघाटे सेड."

धर्मपालने टाळ्या वाजवल्या. पद्माने त्या पानाचा फोटो काढून नागपूरला वडिलांना पाठवला. त्यांचं उत्तर दोन तासांनी आलं. पान संध्याकाळच्या वाचनात घेतलं जाईल, मराठी करून पाठव, क्रियापदं बदलू नकोस, जय भीम.

पुढच्या आठवड्यात फेरगणना झाली. बुधवार होता, थंडी होती, गाड्यांच्या काचांवर बर्फाचा पातळ थर. सर्जन मुलीला घेऊन रांगेत उभा होता. पंजाबी ट्रकवाल्याने लांबूनच वेग कमी केला. मोजायला स्वतः ब्रेंडन आला होता, हातात खटका दाबायचं मोजणीयंत्र घेऊन. पद्माने त्याला गुड मॉर्निंग म्हटलं आणि झेंडे लावायला गेली. पाऊण तास तो रस्त्याच्या कडेला उभा राहून खटके दाबत होता. एकदा, मुलांचा मोठा घोळका आला तेव्हा, तो नीट दिसावं म्हणून फुटपाथवरून खाली उतरला. पद्माने शिट्टी तोंडातून काढली आणि पाटीने वर बोट दाखवल्यासारखं केलं. ब्रेंडन परत वर चढला. पोरं खुश झाली.

नऊ वाजता तिने झेंडे उतरवून गुंडाळले. ब्रेंडन क्लिपबोर्ड घेऊन तिच्यापाशी आला.

"एकोणसत्तर," तो म्हणाला. "त्या मोठ्या घोळक्यात माझा एखादा हुकला असेल. तुझे किती झाले?"

"एकाहत्तर. दोघं एका बाबागाडीमागे होती."

ब्रेंडनने रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, मग यंत्राकडे, मग तिच्याकडे. त्याने पेन काढलं, एकोणसत्तर खोडलं आणि एकाहत्तर लिहिलं.